जुना हुक्का

कलकत्त्यात, म्हणजे आजच्या कोलकात्यात, फोर्ट विल्यमचा किल्ला मागे टाकून दक्षिणेकडे निघाले की टॉलीचा नाला लागतो. त्याच्या पलीकडे खिदिरपूर सुरू होते. १८९२ साली येथे मोठी गोदी उघडली आणि हुगळी नदीतील जहाजे वस्तीच्या पोटात येऊन उभी राहू लागली. बंदराचे गाव म्हटले की तेथे नाना देशींची माणसे येतात आणि माणसांबरोबर त्यांच्या वस्तू येतात. खलाशी पुढच्या बंदराला निघून जातो, साहेब विलायतेस परततो, नबाबाचा दरबार उठतो. मागे राहतात त्या पेट्या, दिवे, घड्याळे आणि तंबाखू ओढण्याची साधने. अशा वस्तूंत जुना हुक्का हा फार बोलका. मात्र त्याचे बोलणे समजावून घेणारा मनुष्य त्याला भेटावा लागतो.

बहुधा तसा तो भेटत नाही. जुन्या बाजारात कोणाला तरी काळवंडलेले, नळी तुटलेले एक भांडे मिळते. तो ते हौसेने घरी आणतो आणि चिंच व राख घेऊन घासावयास बसतो. दोन तासांनी भांडे लखलखीत होते आणि दिवाणखान्यात जाऊन बसते. पाहुणे कौतुक करतात. तथापि त्या दोन तासांत दीडदोनशे वर्षांची साक्ष पुसली गेलेली असते, याची जाणीव ना त्या हौशी गृहस्थाला असते, ना पाहुण्यांना. ही साक्ष कशाची, ती कोठे लिहिलेली असते आणि ती कशी राखावी, हे पाहण्यासाठी खिदिरपुरासारखे दुसरे ठिकाण नाही.

प्रथम हुक्क्याचे कूळ पाहू. तंबाखूचे रोप मूळचे अमेरिकेचे. पोर्तुगीजांनी ते हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर आणले आणि तेथून ते दक्षिणेत पसरले. उत्तरेच्या बादशाही दरबारात तंबाखू पोहोचली ती आपल्या शेजारच्या विजापुराहून. अकबराचा वकील असदबेग विजापूरच्या आदिलशहाकडे गेला होता. तेथे त्याने तंबाखू पाहिली आणि १६०४-०५ च्या सुमारास परतताना बादशहासाठी ती बरोबर नेली. सोबत एक सुरेख चिलीमही नेली. तिची नळी सुमात्रा बेटावरील अचीनची, तीन हात लांब होती. दोन्ही टोकांना रत्ने व मिना होता. तोंडात धरावयाचा भाग येमेनच्या अकीकाचा, तर तंबाखू जाळण्याचे पात्र सोन्याचे होते. असदबेगाने हे सारे बारकाईने लिहून ठेवले आहे. अकबराने कुतूहलाने एकदोन झुरके घेतले, परंतु हकिमांनी ही अपरिचित वस्तू घेण्यास हरकत घेतली व बादशहाने नाद सोडला. सरदारांनी मात्र तो सोडला नाही. पुढे १६१७ मध्ये जहांगिराने तंबाखूस बंदी घातली. तिचाही फारसा उपयोग झाला नाही.

धूर पाण्यातून ओढण्याची युक्ती कोणाची, याविषयी एक आख्यायिका सर्वत्र सांगितली जाते. अकबराचा हकीम अबुल फत गिलानी याने हुक्का शोधून काढला, असे म्हणतात. परंतु हा हकीम १५८९ मध्येच मरण पावला होता आणि असदबेगाची तंबाखू दरबारात आली ती त्यानंतर पंधरा वर्षांनी. तेव्हा ही कथा जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. शब्दांचा पुरावा अधिक उपयोगी पडतो. तुर्कस्तानात हुक्क्याला ‘नर्गिले’ म्हणतात. हा शब्द फारसी ‘नारगील’ यापासून आला, आणि ‘नारगील’ म्हणजे आपल्या संस्कृतातील ‘नारिकेल’, अर्थात नारळ. नारळाच्या करवंटीत पाणी भरून केलेला साधा हुक्का हाच या घराण्याचा जुना पुरुष असावा, असे या शब्दावरून दिसते. सोन्यारुप्याचे हुक्के हे त्या करवंटीचे श्रीमंत वंशज होत.

हुक्क्याची रचना सोपी आहे. तळाशी पाण्याचे भांडे. त्यावर उभा दांडा. दांड्याच्या टोकाला तंबाखू व निखारे ठेवण्याची मातीची किंवा धातूची चिलीम. तिच्यावर वाऱ्याने ठिणग्या उडू नयेत म्हणून सरपोश. आणि भांड्यातून निघून ओढणाऱ्याच्या तोंडापर्यंत जाणारी नळी. श्रीमंतांच्या हुक्क्याची नळी सापासारखी लांब व लवचीक असे, तिच्यावर रेशीम गुंडाळलेले असे आणि टोकाला चांदीचा वा अकीकाचा मुखभाग असे. ओढताना पाण्यात जो आवाज होतो त्यावरून मराठीत त्याला गुडगुडी हे नाव पडले आणि बंगालीत गडगडा. नारळाच्या साध्या हुक्क्यास बंगाली लोक हुँको म्हणतात व त्याच्या चिलमीस कलके.

खिदिरपुरात आणि त्याच्या आसपास हा हुक्का तीन वेगवेगळ्या घरांत नांदला. पहिले घर कंपनीच्या साहेबांचे. वॉरन हेस्टिंग्जच्या कौन्सिलातील सभासद रिचर्ड बारवेल याचा प्रशस्त बंगला खिदिरपुरात होता. त्या पिढीच्या इंग्रजांना हुक्क्याचे वेड होते. भोजन संपले की प्रत्येक पाहुण्याच्या खुर्चीमागे त्याचा हुक्केबरदार हुक्का सिद्ध करून उभा राही. १७७९ मध्ये हेस्टिंग्ज पतिपत्नींनी गायनवादन व भोजन यांसाठी धाडलेली निमंत्रणपत्रिका प्रसिद्ध आहे. हुक्केबरदाराखेरीज अन्य नोकर बरोबर आणू नये, अशी विनंती तीत केलेली आहे. दुसऱ्याच्या हुक्क्याची नळी ओलांडून जाणे हा त्या समाजात मोठा अपमान समजला जाई. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत साहेबांच्या घरातून हुक्का गेला व चिरूट आला. त्याबरोबर हुक्केबरदाराचा धंदाही बुडाला. तंबाखूत गूळ, केळी, मसाले किती घालावे, निखारा कसा फुलवावा, पाण्यात गुलाबजल केव्हा मिसळावे, हे सारे ज्ञान ज्या माणसाच्या बोटांत होते त्याचे नाव मात्र कोणत्याही निमंत्रणपत्रिकेवर नसे.

दुसरे घर नबाबाचे. अयोध्येचे राज्य खालसा झाल्यावर वाजिद अली शाह १८५६ च्या मे महिन्यात कलकत्त्यास आला. सत्तावनच्या उठावाच्या काळात तो फोर्ट विल्यममध्ये कैदेत होता. पुढे खिदिरपूरच्या पश्चिमेस नदीकाठी मटियाबुर्ज येथे त्याने लहानसे लखनौच वसविले. गवई, नर्तक, स्वयंपाकी, शिंपी, पक्षी पाळणारे आणि हुक्का भरणारे असा सारा परिवार तेथे राहिला. लखनौच्या राहणीचे वर्णन करणारे प्रसिद्ध उर्दू लेखक अब्दुल हलीम शरर यांचे बालपण या मटियाबुर्जातच गेले. १८८७ मध्ये नबाब वारला आणि तो संसार विस्कटला. मालमत्ता विकली गेली आणि वस्तू दाही दिशांना गेल्या. म्हणूनच कलकत्त्यातील जुना हुक्का विकणारा प्रत्येक दुकानदार तो ‘नबाबाचा’ असल्याचे मोठ्या आत्मविश्वासाने सांगतो. असे सांगण्यास काही खर्च येत नाही, हे घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

तिसरे घर दत्तांचे. आणि हुक्क्याची खरी किंमत कशात आहे ते येथेच कळते. सदर दिवाणी अदालतीतील यशस्वी वकील राजनारायण दत्त यांचे घर खिदिरपुरात होते. त्यांचा मुलगा मधुसूदन म्हणजे पुढे ‘मेघनादवध’ हे महाकाव्य लिहून बंगाली कवितेत क्रांती करणारा कवी मायकेल मधुसूदन दत्त. तो हिंदू कॉलेजात शिकत असतानाची एक आठवण त्याच्या चरित्रांतून सांगितली जाते. मित्र घरी आले असता राजनारायणबाबू हुक्का ओढीत होते. त्यांचे ओढून झाले आणि त्यांनी हातातील नळी सहजपणे मुलाच्या हाती दिली. मित्र चकित झाले. वडिलांसमोर तंबाखूचे नाव काढणे ज्या समाजात बेअदबीचे, तेथे बापानेच नळी पुढे करावी, ही गोष्ट अपूर्व होती. मधुसूदनाला मात्र तिचे काहीच वाटले नाही. आपले वडील अशा बारीकसारीक गोष्टींची पर्वा करीत नाहीत, असे त्याने मित्रांना सांगितले.

१८४३ च्या फेब्रुवारीत मधुसूदनाने ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्यानंतर खिदिरपूरच्या घरी तो पूर्वीसारखा राहू शकला नाही. धर्मांतर केलेल्या मनुष्याबरोबर एक हुक्का चालत नाही, ही त्या काळची रूढी. बापाने काही वर्षे शिक्षणाचा खर्च दिला, मग तोही थांबला. मुलगा मद्रासला निघून गेला. १८५५ मध्ये राजनारायण वारले तेव्हा तो दूरच होता. जी नळी एकदा इतक्या सहजतेने बापाच्या हातून मुलाच्या हाती गेली, ती पुन्हा जाऊ शकली नाही. हुक्का धातूचा, लाकडाचा वा करवंटीचा असेल. परंतु कोणी कोणाच्या हाती नळी द्यावी आणि कोणाच्या देऊ नये, याचे सारे समाजशास्त्र त्याला चिकटलेले असते.

ही गोष्ट केवळ एका घरापुरती नव्हती. बंगालमधील प्रतिष्ठित घरांच्या बैठकीत निरनिराळ्या जातींच्या पाहुण्यांसाठी निरनिराळे हुक्के ठेवलेले असत. कोणता हुक्का कोणाचा, हे ओळखावे म्हणून काही घरी हुक्क्याला खुणेची कवडी किंवा दोरा बांधीत. स्वामी विवेकानंदांच्या बालपणाची गोष्ट सर्वज्ञात आहे. त्यांचे वडील विश्वनाथ दत्त हे हायकोर्टातील ॲटर्नी होते आणि त्यांच्या बैठकीत असे हुक्के मांडलेले असत. छोट्या नरेंद्राने कोणी नसताना एकेक करून सगळे हुक्के तोंडाला लावून पाहिले. कोणी विचारले तेव्हा, जात कशी जाते ते पाहत होतो, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. बंगालीत मान मिळणे या अर्थी ‘कलके मिळणे’ असा वाक्प्रचार आहे, आणि उत्तरेत बहिष्काराला ‘हुक्कापाणी बंद करणे’ म्हणतात. आपण ज्याला वाळीत टाकणे म्हणतो तेच हे. महाराष्ट्रात चिलमीच्या बुडाला ओली छापी गुंडाळून ती हातोहात फिरविली जाते. तेव्हा ती कोणापाशी थांबते आणि कोणाला वगळून पुढे जाते, हे पाहणाऱ्याला तो गाव कळतो.

आता कल्पना करावी की अशा जातवार हुक्क्यांपैकी एक हुँको आज कोणाच्या हाती लागला. करवंटी मळकी, दांडा तेलकट आणि त्याला एक मेणचटलेला दोरा. घेणारा सर्वांत आधी तो दोरा कापून टाकतो. चांदीच्या हुक्क्याची चांदी वितळविणे जितके अडाणीपणाचे, तितकेच हेही. कारण तो दोरा म्हणजेच त्या वस्तूचा दस्तऐवज होता. दोरा गेला की उरते ती केवळ एक करवंटी.

म्हणून जुना हुक्का मिळाला असता पहिले काम घासण्याचे नव्हे, पाहण्याचे. भांड्याचा आकार आधी पाहावा. चेंडूसारखा गोल, कड्यावर बसवावा लागणारा आकार जुना, बहुतेक सतराव्या व अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. सपाट बुडाचा, घंटेसारखा आकार अठराव्या शतकाच्या मध्यानंतर रूढ झाला. भांडे काळे व त्यावर चांदीची वेलबुट्टी असेल तर ते बिदरी काम असू शकते. हे काम मूळ बिदरचे. पुढे लखनौ, मुर्शिदाबाद व पूर्णिया येथेही ते होऊ लागले. बिदरी भांडे जस्ताचे, त्यात थोडे तांबे मिसळून ओतलेले असते. त्यावर नक्षी कोरून चांदी ठोकून बसवितात व शेवटी किल्ल्यातील मातीत नवसागर मिसळून केलेल्या लेपाने जस्त काळे करतात; चांदी मात्र पांढरी राहते. खऱ्या कामाची चांदी बोटाला खाचेत बसलेली जाणवते. नकली कामात ती नुसती वर रंगविलेली असते. झीज कोठे झाली आहे तेही पाहावे. वापरलेली वस्तू हाताने धरण्याच्या जागी व बुडाशी झिजते. सर्वत्र सारखी झीज दिसली तर ती काळाने नव्हे, कारागिराने केली असे समजावे. भांडे एका हुक्क्याचे, चिलीम दुसऱ्याची आणि नळी तिसऱ्याची, अशी जुळवाजुळवही सर्रास होते.

बंदराच्या गावी हुक्क्याखेरीज विलायती पाइपही मिळतात. हे पाइप ब्रायर नावाच्या झुडपाच्या मुळाशी येणाऱ्या गाठीचे करतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून फ्रान्समधील सेंट क्लोद गाव त्यासाठी नावाजले. पाइपावर चांदीचे कडे असेल तर भिंगातून त्यावरील ठसे पाहावेत. चालता सिंह हा इंग्लंडातील शुद्ध चांदीचा ठसा, नांगर बर्मिंगहॅमचा व बिबट्याचे मुख लंडनचे. सोबतचे अक्षर वर्ष सांगते. याहून जुने पाइप पांढऱ्या मातीचे. ते स्वस्त असत आणि मोडले की फेकून दिले जात. त्यांच्या तुकड्यांतून १९५४ मध्ये जे. सी. हॅरिंग्टन या अमेरिकन संशोधकाने एक सुंदर नियम काढला. या इंग्लिश पाइपांच्या दांडीतील भोक सतराव्या शतकाच्या आरंभी इंचाच्या ६४ भागांपैकी सुमारे ९ भाग असे. ते हळूहळू लहान होत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ४ भागांवर आले. त्यामुळे असे पुष्कळ तुकडे एकत्र मिळाल्यास केवळ भोके मोजून काळ ठरविता येतो. एकट्या तुकड्यावर मात्र विसंबू नये. ज्याची किंमत कवडीची नाही असा तुकडा इतिहासाला सर्वांत उपयोगी पडावा, ही गोष्ट संग्राहकाने मनात ठेवण्यासारखी आहे.

जतनाचे नियम थोडे आहेत व ते कोणालाही पाळता येतील. बिदरी भांडे चिंच, लिंबू, राख किंवा धातू उजळण्याचा लेप यांनी घासू नये. काळा रंग एकदा गेला की मूळचा परत येत नाही. कोरड्या मऊ फडक्याने पुसावे आणि क्वचित खोबरेल तेलाचा हात फिरवावा. पितळेवरील तपकिरी छटा म्हणजे घाण नव्हे. ती राहू द्यावी. करवंटीचा हुँको पाण्यात बुडवू नये व उन्हात ठेवू नये, नाही तर तो तडकतो. रेशमी नळी घट्ट न गुंडाळता सैल वेटोळ्यात ठेवावी आणि कसर लागली नाही ना, हे पावसाळ्यानंतर पाहावे. चिलमीच्या आतला काळा थर खरवडून काढू नये. २००१ मध्ये इंग्लंडातील स्ट्रॅटफर्ड येथील सतराव्या शतकातल्या मातीच्या पाइपांतील अशाच अवशेषांचे रासायनिक पृथक्करण प्रसिद्ध झाले, आणि चारशे वर्षांपूर्वीचे लोक काय ओढीत होते याचा माग त्यातून लागला. आज ज्याला आपण मळ म्हणतो ते उद्याच्या शास्त्रज्ञाचे पान असू शकते.

सर्वांत महत्त्वाचा नियम कागदाचा आहे. वस्तू कोठे, कोणत्या साली, कोणत्या घरातून मिळाली आणि देणाऱ्याने तिच्याविषयी काय सांगितले, हे त्याच दिवशी लिहून वस्तूबरोबर ठेवावे. सांगितलेले व सिद्ध झालेले यांची गल्लत करू नये. ‘नबाबाचा हुक्का’ असे न लिहिता ‘विकणाऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे नबाबाचा’ असे लिहावे. आई, आजोबा, जुना नोकर यांची आठवण वेळीच लिहून घेतली नाही तर ती त्यांच्याबरोबर जाते. वस्तू टिकते, पण मुकी होते.

कायद्याचाही विचार करावयास हवा. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी अधिनियमाप्रमाणे शंभर वर्षांहून अधिक जुनी कलावस्तू ही पुरावशेष ठरते. तिचा व्यापार करण्यास परवाना लागतो व खाजगी व्यक्तीस ती परदेशी पाठविता येत नाही. मुखभाग हस्तिदंताचा असेल तर वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये त्याच्या खरेदीविक्रीस मनाई आहे, हेही विसरू नये. आणि आणखी एक. जुना हुक्का राखावा, ओढू नये. पाण्यातून आलेला धूर निर्मळ होतो, ही समजूत खोटी आहे. पाणी धूर थंड करते, त्यातले विष काढून घेत नाही. अकबराच्या हकिमांनी घेतलेली हरकत चारशे वर्षांनी विज्ञानाने पुरती खरी ठरविली आहे.

पुण्यात दिनकर गंगाधर केळकर यांनी आपल्या दिवंगत मुलाच्या, राजाच्या, नावाने दिवे, अडकित्ते, वज्र्या अशा घरगुती वस्तू गोळा करण्यात आयुष्य वेचले आणि अखेर तो संग्रह समाजाच्या स्वाधीन केला. राजवाड्यातील रत्नांपेक्षा माजघरातील अडकित्ता आपल्या पूर्वजांविषयी अधिक सांगतो, हे त्यांनी दाखवून दिले. हुक्क्याच्या बाबतीतही हीच दृष्टी हवी. बारवेलच्या बंगल्यातील, नबाबाच्या महालातील आणि राजनारायण दत्तांच्या बैठकीतील हुक्के आज एका ओळीत मांडले, तर त्यांत चांदी कोणाची अधिक हा प्रश्न गौण ठरेल. कोणी भरला, कोणी ओढला, नळी कोणाच्या हाती दिली गेली आणि कोणाला नाकारली गेली, हे प्रश्न खरे. त्यांची उत्तरे काळवंडलेल्या भांड्यावर, मेणचट दोऱ्यावर आणि तुटलेल्या नळीवर लिहिलेली असतात. जो ती पुसत नाही, त्यालाच जुनी वस्तू मिळाली असे म्हणता येईल. बाकीच्यांना केवळ एक भांडे मिळते.